अर्ध्या तासाचं बटण

त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत मला सात मिनिटांचा आवाज पुण्याला पाठवायचा होता. अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारी एक संस्था आहे, तिला मराठी गोष्टींसाठी एक वाचणारी बाई हवी होती. पाच मिनिटं त्यांनी दिलेली गोष्ट वाचायची आणि दोन मिनिटं मनचं काहीही बोलायचं, अशी परीक्षा. मी आधी मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवलं होतं. उत्तर आलं, ‘आवाज आवडला, पण मागे भाजीवाला फार ऐकू येतो. स्वच्छ करून पाठवा, शुक्रवारी सहापर्यंत.’ झाशीत दतिया गेटच्या आत आमची गल्ली आहे. तिथे भाजीवाला एकदा गेला की ई-रिक्शावाला येतो, तो गेला की कुणीतरी लाउडस्पीकरवर सरकारी सूचना देत फिरतो. त्यांना थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

आणि हे काम मला हवं होतं. अगदी हट्टाने, लहान पोरीसारखं हवं होतं. माझा जन्म झाशीतला, माहेर लक्ष्मी गेटजवळ. आमची कितवी पिढी इथे, ते आता कुणी मोजत नाही. शाळेत एकतीस वर्षं मी हिंदी शिकवलं. मराठी फक्त घरात, तेही असं की लग्नानंतर भुसावळच्या सासरी पहिल्याच जेवणावळीत एका चुलत जावेने विचारलं, “अगं, ही नक्की मराठीच बोलतेय ना?” सगळे हसले, मीही हसले. नवरा तेव्हापासून पस्तीस वर्षं माझी वाक्यं सुधारतोय. प्रेमानेच सुधारतो, पण सुधारतो. आता मुलगी पुण्यात नोकरीला, ती फोनवर निम्मी हिंदीत. नवरा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेला आणि बोलण्यात रेशनच्या दुकानासारखा, मोजून देणारा. माझ्या पोटात एवढं मराठी साठलं होतं आणि ऐकायला कुणी नव्हतं.

घरात सामान मात्र होतं. मुलगी कॉलेजात असताना गायची. तेव्हाचा तिचा मोठा डेस्कटॉप, एक चांगला माइक, आणि माइक नि संगणकाच्या मधे बसणारी एक लोखंडी डबी. ती डबी आवाज स्वच्छ करून आत पाठवते. सगळं जोडलं, डबीवर हिरवा दिवा लागला. संगणक म्हणाला, कसली डबी? मला काही दिसत नाही.

एक वाजता मुलीला फोन लावला. तिची दोनची पाळी होती, निघायच्या आधी तिच्याकडे वीस मिनिटं होती. तिने पुण्यात बसून आमची स्क्रीन आपल्याकडे उघडली. आमच्या टेबलावरचा बाण आपोआप फिरायला लागला. ते पाहायला मला अजूनही गंमत वाटते.

“आई, मागच्या महिन्यात मी सिस्टम नवी केली ना, म्हणून. डबीला चालवणारा ड्रायव्हर जुना आहे. आणि तो साधा प्रोग्राम नाहीये, कर्नल एक्स्टेन्शन आहे.”

“म्हणजे काय ते मराठीत सांग.”

“अरे यार. म्हणजे सिस्टमचा एकदम आतला गाभा असतो ना, कर्नल, तो सगळं चालवतो. बाकीचे प्रोग्राम त्याच्या बाहेर बसतात. हा सीधा आत जाऊन बसतो. त्याने गडबड केली तर पूरा संगणक खाली. म्हणून नवी सिस्टम विचारल्याशिवाय त्याला आत घेत नाही.”

तिने नवा ड्रायव्हर उतरवला, बसवला. स्क्रीनवर पाटी आली की एक एक्स्टेन्शन अडवून ठेवलं आहे, हवं असेल तर सुरक्षेच्या सेटिंगमध्ये जाऊन परवानगी द्या. तिने ते पान उघडलं. खाली कोपऱ्यात बटण होतं, ‘अनुमती द्या’ अशा अर्थाचं. तिचा बाण त्या बटणावर गेला. क्लिक. काही नाही. पुन्हा क्लिक. दहा-बारा वेळा झालं, बटण जिथल्या तिथे.

“आई, हे हँग झालंय बहुतेक. मला निघायलाच पाहिजे. तू एकदा स्वतः दाबून बघ ना. तीनला कँटीनमधून फोन करते.” आणि ती गेली.

मी माउसवर हात ठेवला, तोच मागून आवाज आला, “थांब.”

नवरा दारात उभा होता. त्याने आमची मधली दोन-तीन वाक्यं ऐकली होती, त्यातलं ‘गडबड केली तर पूरा संगणक खाली’ हे नेमकं.

“डिस्कनेक्शन घेतलंस?”

हे मला समजावून सांगितलं पाहिजे. रेल्वेत सिग्नलच्या कुठल्याही यंत्राला हात लावायचा तर आधी स्टेशन मास्तरला लेखी मेमो द्यावा लागतो. कुठलं यंत्र उघडतो आहे, किती वेळ, त्यामुळे आणखी काय काय बंद पडेल. मास्तर वेळ घालून सही करतो, मगच स्क्रू ड्रायव्हर खिशातून निघतो. काम झालं की तसाच दुसरा मेमो, रिकनेक्शनचा. माझ्या नवऱ्याने हे चौतीस वर्षं केलं आणि निवृत्तीनंतर घरात सुरू ठेवलं. गीझर दुरुस्त करायचा तरी तो मेमो लिहितो आणि स्टेशन मास्तर म्हणून माझी सही घेतो. एरवी मी निमूट सही करते, त्यात माझंही मन रमतं.

“अहो, एक बटण दाबायचंय.”

“एकाच बटणाने गाड्या समोरासमोर येतात,” तो म्हणाला आणि वही आणायला गेला.

नमनाला घडाभर तेल. त्याने पट्टीने रेघा मारल्या. काय उघडणार, कशासाठी, आणखी कशावर परिणाम. मग म्हणाला, मूळ भागाची एक प्रत सुरक्षित ताब्यात हवी. मुलीने ड्रायव्हर कुठल्या फोल्डरमध्ये बसवलाय ते त्याने शोधून काढलं, पेन ड्राइव्हवर त्याची प्रत घेतली. मी पोहे टाकायला आत गेले, कारण समोर बसले असते तर भांडण झालं असतं. पोह्यांची बशी घेऊन आले तेव्हा मेमो तयार होता. मी वेळ घातली, एक वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं, सही केली. त्याने प्रतिस्वाक्षरी केली. मग दोघं स्क्रीनपुढे बसलो.

बटण नव्हतं.

पान तेच होतं, कोपराही तोच. तिथे आता कोरी जागा. मी पान बंद करून उघडलं, चष्मा पुसला. नाहीच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “घ्या! रेघा मारा आता! अजून दोन प्रती काढा! त्या पोरांना ऐकवायला दुसरी कुणीतरी पुणेकरीण मिळेल, शुद्ध बोलणारी, तिला नवराही नसेल कदाचित!” आणखीही बरंच बोलले. एकतीस वर्षं वर्गासमोर उभं राहिलेल्या बाईचा आवाज आहे माझा, समोरच्या घरातल्या भाभीजी गॅलरीत आल्या.

नवऱ्याने त्या सिस्टमचं मदतीचं पान उघडलं आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागला. तो इंग्रजी नियमपुस्तक असंच वाचतो, एक ओळ दोनदा. मी फणकारत पोहे खात होते. दहा मिनिटांनी तो एकदम खुर्चीत सरळ झाला.

“अगं, हे ऐक! हे बटण अर्धाच तास राहतं. ड्रायव्हरने आत यायचा प्रयत्न केला की अर्धा तास. मग आपोआप निघून जातं. पुन्हा प्रयत्न केला की पुन्हा येतं.” आणि मग आवाज चढला, मी त्याला असा चढलेला आवाज काढताना वर्षानुवर्षं ऐकलं नव्हतं. “आणि लांबून कुणी दाबलं तर ते ऐकतच नाही! मुद्दामच केलंय! संगणकासमोर बसलेल्या माणसाच्याच हाताने दाबलं पाहिजे!”

म्हणून मुलीचा बाण दहा वेळा आपटून परत गेला होता. हँग वगैरे काही नव्हतं. यंत्राला माहीत होतं की ती पुण्यात आहे.

“ही रिले रूमच आहे,” नवरा म्हणाला. मऊरानीपुरला तो चार वर्षं होता, तिथली रिले रूम मी बाहेरून पाहिली आहे. सगळे सिग्नल जिथून चालतात त्या खोलीला दोन कुलुपं असतात, एक किल्ली मास्तरकडे आणि एक सिग्नलवाल्याकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडत नाही, मोठा साहेब फोनवरून ओरडला तरी नाही. “मी समजायचो ही पोरांची खेळणी. ज्याने हे बनवलंय ना, तो शिस्तीचा माणूस आहे.” त्याचे डोळे चमकत होते. माझा राग निम्मा तिथेच गेला. उरलेला निम्मा मी धरून ठेवला, कारण घड्याळात सव्वादोन वाजून गेले होते.

आता सोपं होतं. ड्रायव्हरला पुन्हा आत यायला लावायचं, बटण आलं की दाबायचं. डबीची वायर काढून परत लावली. बटण आलं नाही. नवी पाटी आली. हे एक्स्टेन्शन नीट बसवलेलं नाही, वापरता येणार नाही.

तीनला मुलीचा फोन आला. ऑफिसातून तिला आमची स्क्रीन दिसत नव्हती, मी पाटी वाचून दाखवली. तिने विचारलं, “आई, त्या फाइलला कुणी हात लावला?”

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो छताकडे.

झालं होतं असं. त्याने पेन ड्राइव्हवर प्रत घेतली, इथपर्यंत ठीक. पण न तपासलेला सुटा भाग म्हणजे सुटा भागच नव्हे, हा त्याच्या खात्यातला धर्म. सुटा भाग यंत्रात बसवून पाहायचा आणि मूळचा कपाटात जपून ठेवायचा. तेव्हा मी पोहे परतत असताना त्याने मूळ ड्रायव्हर उचलून बाजूला ठेवला आणि पेन ड्राइव्हवरची प्रत त्या जागी बसवली होती. पासवर्डही टाकला होता. अति तिथे माती.

“बाबा! पेन ड्राइव्हवरून आणलं ना की त्याचा मालक बदलतो. सिस्टमला लगता है की कोणीही ऐरागैरा आणून ठेवून गेला. त्याचा मालक रूटच पाहिजे.”

“रूट कोण?” मी विचारलं.

“सिस्टमचा सबसे बडा. आपण नाही, त्याच्याही वरचा.”

“मग मूळचाच परत ठेवतो,” नवरा बारीक आवाजात म्हणाला.

“नको! आता काही ठेवू नका, काही काढू नका. मी लाइन पाठवते, आई टाइप करेल. बाबा फक्त बघतील.”

त्या वाक्याने मला किती बरं वाटलं ते सांगायला नको. तिने मेसेजमध्ये तीन ओळी पाठवल्या. काळी खिडकी उघडली, त्यात पांढरी अक्षरं. पहिल्या ओळीने त्या एक्स्टेन्शनचा मालक रूट करायचा. दुसरीने ठरवायचं की मालकाखेरीज कुणी त्यात काही बदलू शकणार नाही, बाकीच्यांनी फक्त वाचावं. मी एकेक अक्षर टाइप केलं. पासवर्ड मागितला. टाइप केला तर एकही ठिपका उमटेना. मला वाटलं कीबोर्ड मेला. “दिसत नाही म्हणून जात नाही असं नाही,” नवरा म्हणाला, आणि ते बरोबर निघालं.

दोन्ही ओळी गेल्या, काही तक्रार नाही. संगणक बंद करून चालू केला. पाटी तीच! नीट बसवलेलं नाही. साडेतीन. मला रडू यायचं बाकी होतं.

“तिसरी ओळ टाकलीस?” फोनवरून मुलगी.

टाकली नव्हती. मला वाटलं होतं ती जास्तीची आहे. तिने सांगितलं की सिस्टम दरवेळी चालू होताना एकेकाला तपासत बसत नाही, कुणाला आत घ्यायचं याचं तयार गाठोडं तिने आधीच करून ठेवलेलं असतं. त्याला कॅशे म्हणतात. आपण बाहेर कितीही सुधारलं तरी ती जुनंच गाठोडं उघडते. मला लगेच कळलं. मुलगी पुण्याला गेल्यावरही आमचे दूधवाले भैया महिनाभर दोन लिटर घालत होते, कारण त्यांच्या डोक्यात जुनाच हिशेब. दारात उभं राहून ‘भैया, अब एक ही’ असं ठणकावून सांगितलं तेव्हा कुठे थांबले.

तिसरी ओळ म्हणजे ते ठणकावणं होतं. जुनं गाठोडं टाक आणि नवं बांध. एंटर दाबलं. काळ्या खिडकीत ओळी धावायला लागल्या, आमच्या ड्रायव्हरचं नाव त्यात भुर्रकन वर गेलेलं मी पाहिलं आणि ओरडले, “गेला! आत गेला!” नवरा माझ्या खुर्चीची पाठ धरून उभा होता, खुर्ची हलत होती. चार मिनिटं लागली. परत बंद, परत चालू. वायर लावली.

पाटी आली. पहिली, मुलीच्या वेळची. एक एक्स्टेन्शन अडवलं आहे. आयुष्यात कुठल्या अडवणुकीचा मला इतका आनंद झाला नसेल. सुरक्षेचं पान उघडलं, कोपऱ्यात बटण हजर.

मी नवऱ्याकडे पाहिलं. वही टेबलावरच होती. त्याने ती उचलली, बंद केली आणि बाजूच्या स्टुलावर ठेवली. “दाब,” म्हणाला, “लवकर.”

मी दाबलं. बटण गेलं, माझ्या हाताने गेलं. शेवटचं बंद-चालू, आणि यादीत डबीचं नाव! मी माइकपुढे “हॅलो” म्हटलं आणि स्क्रीनवर हिरवी पट्टी टुणकन उडाली. अजून एकदा म्हटलं, अजून एकदा उडाली. मी त्या पट्टीला मराठीत, हिंदीत, बुंदेलीत काय काय ऐकवलं. नवरा हसत सुटला.

साडेचार वाजता खिडक्या लावल्या, फटींत चादरी कोंबल्या, पंखा बंद केला. गोष्ट तिसऱ्या वेळेला मनासारखी झाली. हेडफोनमध्ये माझा आवाज इतका जवळ होता की मला श्वाससुद्धा ऐकू येत होता. राहिली मनची दोन मिनिटं. त्यासाठी मी झाशीच्या संक्रांतीवर लिहून ठेवलं होतं आणि नवऱ्याने त्यात लाल पेनाने दुरुस्त्या केल्या होत्या. कागद समोर धरला, एक वाक्य वाचलं, आणि तोंडात खडे आल्यासारखं वाटलं. कागद पालथा घातला. आज दुपारी घरात काय झालं तेच सांगायला लागले. मेमो, रेघा, पेन ड्राइव्ह, छताकडे बघणारा नवरा, सगळं जसं तोंडात येत गेलं तसं. मधे हिंदी आलं तर येऊ दिलं. ज्याच्याबद्दल बोलत होते तो समोर स्टुलावर घाम पुसत बसला होता आणि रेकॉर्डिंग बिघडू नये म्हणून श्वास रोखून होता.

थांबले तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. तो म्हणाला, “सहा चुका आहेत.”

माझं तोंड उतरलं. “परत करू?”

त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वेळ होता. दोन मिनिटांचंच तर काम, दोनदा झालं असतं.

“नको,” तो म्हणाला. “असंच पाठव.”

पाच पन्नासला पाठवलं.

सोमवारी दुपारी पुण्याहून फोन आला. संस्थेतली बाई होती, तरुण आवाज. गोष्ट छान वाचलीत, म्हणाली. मग म्हणाली की शेवटची दोन मिनिटं तिने एकटीने ऐकली, मग आजूबाजूच्या टेबलांवरच्या सगळ्यांना बोलावून परत ऐकवली. मी कानाला फोन घट्ट धरून उभी. नवरा वर्तमानपत्र वाचत होता, म्हणजे पान उलटत नव्हता.

“एक विचारू?” ती म्हणाली. “तुमचं मराठी कुठलं आहे?”

या प्रश्नाचं माझं उत्तर ठरलेलं आहे. माझे वडीलही तेच द्यायचे. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, पण बरीच वर्षं इकडे, म्हणून जरा असं होतं, सांभाळून घ्या. ते उत्तर जिभेवर आलंसुद्धा.

“झाशीचं,” मी म्हणाले.

“मग मुलांसाठी तसंच वाचा. बदलू नका.”

फोन ठेवला. नवऱ्याने वर्तमानपत्र खाली घेऊन विचारलं, काय म्हणाली. मी सांगायला तोंड उघडलं आणि मुलीच्या लग्नातही आलं नव्हतं तसलं मोठमोठ्याने रडू आलं, गल्लीत ऐकू जाईल असं. तो उठून जवळ आला आणि नुसता उभा राहिला. जरा वेळाने हुंदके देत देत मी त्याला सगळं सांगितलं, जसं येत गेलं तसं, आणि त्याने एकही शब्द सुधारला नाही.